रेणू, मात्रा आणि उत्तरदायित्व : स्त्रीआरोग्यातील ‘नैसर्गिक’ संप्रेरकांचा विचार

स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचे संतुलन साधून देण्याचे आश्वासन देणारी चूर्णे, कॅप्सूल, मलमे आणि अर्क आज औषधाच्या दुकानापासून किराणा मालाच्या फळीपर्यंत सर्वत्र मिळतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या वेष्टनावर ते ‘नैसर्गिक’ असल्याची ग्वाही ठळक अक्षरांत छापलेली असते. पाळीची अनियमितता, चेहऱ्यावरील लव, वाढते वजन, गळणारे केस, चाळिशीनंतर अंगात उसळणारी उष्णता, उडालेली झोप आणि चिडचिड अशा मुळात निरनिराळी कारणे असलेल्या तक्रारींवर एकच बाटली पुरेशी आहे, असे ती वेष्टने सुचवतात. या दाव्याचा आधार तपासणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. वनस्पतींनी वैद्यकाला दिलेले दान इतके मोठे आहे की त्यांच्याविषयी तुच्छतेने बोलणे अज्ञानाचे लक्षण ठरेल. तथापि एखादा पदार्थ मुळीतून आला, प्राण्याच्या शरीरातून आला की प्रयोगशाळेतून, एवढ्यावरून तो स्त्रीला गुण देईल की अपाय करील हे कळत नाही. ते कळते त्याच्या रेणूच्या रचनेवरून, त्याच्या मात्रेवरून, ज्या स्त्रीला तो द्यायचा तिचे वय आणि तिचा आजार यांवरून, आणि त्याच्या परिणामांचे उत्तरदायित्व कोणी स्वीकारले आहे यावरून. संप्रेरकांच्या शास्त्राचा गेल्या शतकभराचा इतिहास या प्रतिपादनाची साक्ष देतो.

चक्राची लय

संप्रेरक म्हणजे शरीरातील एखाद्या ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत पोहोचणारा आणि तेथील पेशींना ठरावीक कामाची सूचना देणारा रासायनिक पदार्थ होय. इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1905 साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा पदार्थांसाठी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा रूढ केली. ही सूचना पेशीला कळते ती तिच्यातील ‘ग्राही’ या प्रथिनामुळे, आणि ग्राही केवळ त्याच रेणूला प्रतिसाद देतो ज्याची रचना त्याच्याशी जुळते. रेणूतील कार्बनच्या एखाद्या साखळीत फरक पडला तरी सूचना बदलते, दुबळी होते किंवा पोहोचतच नाही. म्हणूनच या क्षेत्रात ‘तत्सम’, ‘सारखा’ आणि ‘तोच’ या तीन गोष्टींची गल्लत करून चालत नाही.

स्त्रीच्या मासिक चक्रात मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक, त्याच्या खालची पीयूषिका ग्रंथी आणि बीजांडकोश हे तिघे परस्परांना सतत सूचना देत असतात. चक्राच्या पहिल्या टप्प्यात बीजांडकोशातील पुटक वाढू लागते आणि त्यातून इस्ट्रॅडिऑल हे प्रमुख इस्ट्रोजेन स्रवते. बीजमोचन झाल्यावर त्याच पुटकाचा पीतपिंड बनतो आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते, जे गर्भाशयाच्या वाढलेल्या अस्तराला स्थैर्य देते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके उतरतात आणि अस्तर पाळीच्या रूपाने बाहेर पडते. या घडामोडींतील चढउतार सौम्य नसतात. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत रक्ताच्या दर मिलिलिटरमध्ये साधारण 50 पिकोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असलेले इस्ट्रॅडिऑल बीजमोचनाच्या सुमारास 200 च्या पुढे जाते, तर चक्राच्या पूर्वार्धात 1 नॅनोग्रॅमच्या खाली असलेले प्रोजेस्टेरॉन उत्तरार्धात दहापटीने आणि कधीकधी त्याहूनही अधिक वाढते. निरोगी स्त्रीच्या शरीरात संप्रेरकांची एकच एक ‘योग्य’ पातळी नसते. ती बदलत राहते आणि त्या बदलाला क्रम असतो, हेच निरोगीपणाचे लक्षण आहे.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की महिन्यातील कोणत्याही दिवशी घेतलेल्या रक्ताच्या किंवा लाळेच्या एका नमुन्यावरून ‘संप्रेरकांचा असमतोल’ असे निदान करणे निराधार आहे, आणि त्या निदानावर बेतलेले महिनोन्‌महिन्यांचे ‘संतुलनाचे पॅकेज’ त्याहून निराधार आहे. पाळी पूर्ण थांबण्यापूर्वीच्या संक्रमणकाळात तर हे आकडे दर आठवड्याला उलटसुलट होऊ शकतात. म्हणून वयाची 45 वर्षे उलटलेल्या स्त्रीमध्ये ठरावीक लक्षणे दिसत असतील आणि पाळी लांबत असेल तर रजोनिवृत्तीचे निदान करण्यासाठी संप्रेरकांच्या तपासण्यांची सहसा गरज पडत नाही, आणि सलग 12 महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. दुसरा निष्कर्ष असा की ‘असमतोल’ हे आजाराचे नाव नव्हे. अवटू (थायरॉइड) ग्रंथी मंदावणे हा एक आजार आहे, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढणे हा दुसरा, ज्याला लोकव्यवहारात ‘पीसीओडी’ म्हणतात तो बहुपुटी बीजांडकोशाचा विकार तिसरा, आणि रजोनिवृत्ती हा तर आजार नसून आयुष्याचा टप्पा आहे. या प्रत्येकाची तपासणी निराळी आणि उपाय निराळा असल्यामुळे, चौघांवर एकच औषध चालेल असे सांगणारा प्रत्यक्षात चौघांपैकी कोणाचीही तपासणी करत नाही.

मेंढी, घोडी आणि मेक्सिकोतील कंद

संप्रेरकांच्या उपचाराचा प्रारंभ अक्षरशः नैसर्गिक पदार्थांपासून झाला. 1891 मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर जॉर्ज मरे यांनी अवटू ग्रंथी निकामी झालेल्या 46 वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला, आणि त्या उपचारावर ती पुढे 28 वर्षे जगली. 1929 मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉयझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन स्वतंत्रपणे वेगळे केले. 1934 मध्ये प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आले, परंतु ते डुकरिणींच्या बीजांडकोशांतून काढावे लागे आणि हजारो बीजांडकोशांतून जेमतेम काही मिलिग्रॅम निघत. पुढे 1942 मध्ये गर्भवती घोड्यांच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेनांचे मिश्रण ‘प्रीमॅरिन’ या नावाने अमेरिकेत विक्रीस आले आणि कित्येक दशके ते रजोनिवृत्तीवरील सर्वाधिक प्रचलित औषध राहिले.

याच काळात पेन्सिल्व्हेनियातील रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी वनस्पतींकडे लक्ष वळवले. जपानी संशोधकांनी 1930 च्या दशकात रानटी कंदांच्या एका जातीतून ‘डायोस्जेनिन’ नावाचे द्रव्य वेगळे केले होते. त्याच्या रेणूचा मुख्य सांगाडा प्रोजेस्टेरॉनच्या सांगाड्याशी मिळताजुळता आहे, हे हेरून मार्कर यांनी एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी प्रक्रिया शोधली आणि भरपूर डायोस्जेनिन देणाऱ्या कंदाच्या शोधात 1942 मध्ये ते मेक्सिकोतील व्हेराक्रूझ प्रांतात पोहोचले. तेथे ‘काबेसा दे नेग्रो’ या नावाने ओळखला जाणारा अजस्र कंद त्यांना मिळाला, 1944 मध्ये मेक्सिको शहरात ‘सिंटेक्स’ ही कंपनी उभी राहिली, आणि मार्कर लवकरच तीतून बाहेर पडले तरी त्यांच्या पद्धतीमुळे प्रोजेस्टेरॉनची किंमत कोसळली. त्याच कंपनीत 15 ऑक्टोबर 1951 रोजी लुईस मिरामाँतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या मार्गदर्शनाखाली नॉरएथिस्टेरॉन तयार केले. सणवार, पूजा किंवा घरचे कार्य आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी महाराष्ट्रातील असंख्य स्त्रिया दुकानातून परस्पर आणून जी गोळी घेतात, तिच्यातील औषध हेच. आणि त्या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या एका प्रभावी रूपात बदलत असल्यामुळे, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असलेल्या स्त्रीने ती डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे असते.

मार्कर यांची प्रक्रिया बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण ‘रानकंदापासून मिळणारे नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ या आजच्या जाहिरातीचे मूळ तिच्यात आहे. डायोस्जेनिनच्या रेणूत 27 कार्बन अणू असतात आणि प्रोजेस्टेरॉनच्या रेणूत 21. जास्तीचे सहा अणू काढून टाकण्यासाठी डायोस्जेनिन ॲसेटिक ॲनहायड्राइडमध्ये सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते, मग क्रोमिक आम्लाने त्याचे ऑक्सिडीकरण करून बाजूची साखळी तोडावी लागते, आणि उरलेल्या भागावर आणखी काही क्रिया केल्यावर प्रोजेस्टेरॉन हाती येते. यांतील एकही क्रिया मानवी शरीरात होत नाही, कारण ती घडवून आणणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला चालना देणारे प्रथिन, आपल्या पेशींत नाही. शेतातला कापूस अंगाभोवती गुंडाळला म्हणून लुगडे नेसल्यासारखे होत नाही, कारण मध्ये सरकी काढणे, कातणे आणि विणणे असते; त्याचप्रमाणे कंदाचा अर्क पोटात घेतला किंवा त्याचे मलम त्वचेवर चोळले म्हणून शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढत नाही. ऑस्ट्रेलियात 23 स्त्रियांवर झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत रानकंदाच्या मलमाची तुलना औषध नसलेल्या मलमाशी केली गेली, तेव्हा उष्णतेच्या उसळ्यांत किंवा रक्तातील संप्रेरकांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. चाचणी लहान होती, परंतु तिचा निष्कर्ष रसायनशास्त्राच्या अपेक्षेला धरूनच होता.

हा विषय मराठी वाचकाला परका नाही. मेथीच्या दाण्यात डायोस्जेनिन असते, आणि पावसाळ्यात कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर पांढऱ्या फुलांनी डवरणाऱ्या पेव या वनस्पतीच्या कंदातही ते असते. मेथी आहारात उपयुक्त आहे यात शंका नाही; तिच्यातील तंतू रक्तातील साखरेची चढण मंदावतात. परंतु मेथीत डायोस्जेनिन आहे, म्हणून मेथी खाल्ल्याने स्त्रीसंप्रेरके वाढतात, हा युक्तिवाद वर सांगितलेल्या कारणामुळे टिकत नाही. या कंदांच्या मागणीची किंमत निसर्गानेही मोजली आहे: हिमालयात आढळणारी डायोस्जेनिनयुक्त कंदाची जात औषध उद्योगासाठी इतकी खणली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

या इतिहासातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. घोडीच्या मूत्रातून आलेले इस्ट्रोजेन उगमाने पूर्णतः नैसर्गिक आहे, पण त्यातील इक्विलिनसारखे घटक स्त्रीच्या शरीरात कधीच तयार होत नाहीत. याउलट वनस्पतिजन्य द्रव्यावर कारखान्यात अनेक रासायनिक क्रिया करून बनवलेले इस्ट्रॅडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन हे स्त्रीच्या बीजांडकोशातून स्रवणाऱ्या रेणूंहून यत्किंचितही भिन्न नसतात. ग्राही प्रथिनाला रेणूचा उगम ओळखता येत नाही, त्याला केवळ रचना ओळखता येते. ‘नैसर्गिक विरुद्ध कृत्रिम’ अशी जी विभागणी बाजारात केली जाते, तिचा शरीरात घडणाऱ्या गोष्टींशी संबंध नाही.

आश्वासन, भीती आणि मोजमाप

मात्र आधुनिक वैद्यकाच्या वाटेवरही चुका झाल्या, आणि त्या झाकून ठेवल्यास स्त्रिया पर्यायी उपायांकडे का वळल्या हे समजणार नाही. 1966 मध्ये न्यूयॉर्कमधील स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ या पुस्तकात रजोनिवृत्तीला अभावजन्य आजार ठरवून प्रत्येक स्त्रीने इस्ट्रोजेन घ्यावे असा पुरस्कार केला आणि इस्ट्रोजेनचा खप प्रचंड वाढला. 1975 मध्ये मात्र केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक आढळतो, असे दोन अभ्यासांनी दाखवून दिले. अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉनसदृश औषध जोडीला दिल्यावर तो धोका टळला, आणि पुन्हा उत्साहाची लाट आली. मग जुलै 2002 मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीचा संयुक्त संप्रेरकांचा विभाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आला, आणि जगभरातील लाखो स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या.

या चाचणीत 16,608 स्त्रिया सहभागी होत्या आणि त्यांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी थांबून दशक उलटले होते. घोडीजन्य इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संश्लेषित औषध घेणाऱ्या 10,000 स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे 8, पक्षाघाताचे 8 आणि हृदयविकाराचे 7 रुग्ण अधिक आढळले, तर नितंबाच्या हाडाच्या भंगाचे 5 आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 6 रुग्ण कमी आढळले. धोका खरा होता, परंतु ‘10,000 मागे 8’ हे प्रमाण भीतीच्या लाटेत वाहून गेले. पुढील विश्लेषणांतून हे स्पष्ट झाले की 60 वर्षांच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून 10 वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रियांसाठी लाभहानीचे गणित बऱ्याच अंशी अनुकूल असते. तोपर्यंत विश्वासाला तडा गेला होता, आणि त्या पोकळीत ‘तुमच्या शरीरासारखीच, तुमच्यासाठीच बनवलेली’ अशी संप्रेरकांची मिश्रणे अमेरिकेत वेगाने पसरली. त्यांतील रेणू बहुधा मान्यताप्राप्त औषधांतीलच होते; उणीव होती ती मात्रेच्या खात्रीची, शुद्धतेच्या तपासणीची आणि दुष्परिणामांच्या नोंदीची. 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालाने अशा मिश्रणांच्या सुरक्षिततेचा व उपयुक्ततेचा पुरेसा पुरावा नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला.

वनस्पतींच्या अर्कांचीही कसून परीक्षा झाली आहे. सोयाबीनमध्ये ‘आयसोफ्लाव्होन’ वर्गातील द्रव्ये असतात, जी इस्ट्रोजेनच्या ग्राहीला दुबळेपणाने चिकटतात. म्हणून त्यांना वनस्पती-इस्ट्रोजेन म्हणतात. त्यांपैकी एकाचे काही जणांच्या आतड्यातील जीवाणू ‘इक्वॉल’ या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करतात आणि काहींचे करत नाहीत, त्यामुळे एकाच गोळीचा गुण दोन स्त्रियांना सारखा येत नाही. एकंदर चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि दिसलेला लाभ माफक आहे. ‘ब्लॅक कोहोश’ या उत्तर अमेरिकेतील मुळीच्या 16 चाचण्यांचा 2012 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा तिची उपयुक्तता सिद्ध करणारा पुरेसा पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतच 351 स्त्रियांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही मुळी, अनेक वनस्पतींचे मिश्रण आणि त्या मिश्रणाच्या जोडीला सोयाचा आहार हे तिन्ही उपाय निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाहीत, संप्रेरकांचा उपचार मात्र ठरला.

येथे एक प्रश्न उरतो, आणि तो आदराने हाताळला पाहिजे. या अर्कांनी बरे वाटल्याचे असंख्य स्त्रिया प्रामाणिकपणे सांगतात. त्या खोटे बोलत नाहीत. उष्णतेच्या उसळ्यांवरील चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्याही तक्रारी पुष्कळदा निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेल्या दिसतात, कारण हा त्रास काळाबरोबर आपोआप ओसरत जातो, कारण तो असह्य झालेला असतानाच उपाय सुरू केला जातो, आणि कारण कोणीतरी आपले ऐकून घेतले याचाही शरीरावर परिणाम होतो. म्हणूनच एखाद्या उपायाचा स्वतःचा गुण किती, हे निष्क्रिय गोळीशी तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही.

घरचे, बाजारचे आणि कायद्याचे

महाराष्ट्रातील घरांत बाळंतिणीसाठी डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा आणि दुधातून शतावरी कल्प देण्याची रीत आहे. ही रीत जपण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे प्रसूतीनंतर स्त्रीला ऊष्मांक, स्निग्धांश आणि लोह मिळते आणि काही आठवडे तरी तिच्या ताटाकडे घरातल्यांचे लक्ष राहते. पण अन्न म्हणून जे उत्तम आहे ते संप्रेरकांवरील औषध आहे, असा दावा केला की त्याला औषधाच्या कसोट्या लागू होतात. शतावरीच्या मुळांत ‘शतावरिन’ ही सॅपोनिन वर्गातील द्रव्ये आहेत आणि स्तन्यवर्धक म्हणून आयुर्वेदात तिची परंपरा जुनी आहे. तथापि तिच्यावरील मानवी चाचण्या थोड्या आणि लहान आहेत, आणि तिने सर्व वयांतील स्त्रियांची संप्रेरके ‘संतुलित’ होतात हे त्यांतून सिद्ध होत नाही. शिवाय कल्पाच्या प्रचलित कृतीत शतावरीपेक्षा साखर कितीतरी अधिक असते. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही हे ज्या विकारात वारंवार आढळते, त्या पीसीओडीने ग्रासलेल्या मुलीला रोज दोन चमचे असा कल्प देणे हे तिच्या उपचाराच्या नेमके विरुद्ध जाते.

‘गुण आला नाही तरी अपाय तर नाही’ ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ‘बायोटिन’ हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते. ते स्वतः विषारी नाही, पण रक्ततपासणीच्या काही पद्धतींत ते ढवळाढवळ करते, आणि मग अवटू ग्रंथी मंदावलेल्या स्त्रीच्या अहवालात तीच ग्रंथी अतिसक्रिय झाल्यासारखे आकडे दिसू शकतात. त्या अहवालावर विसंबून तिची गोळी कमी केली गेली तर आजार बळावतो, आणि त्याचे कारण मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या आणि अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांची पातळी वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत, तर युरोप-अमेरिकेत उदासीनतेवर घेतली जाणारी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती यकृतातील विकरांना चालना देऊन गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटवते. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते; गर्भवती स्त्रीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते, हे लक्षात घेतल्यास या निष्कर्षाचे गांभीर्य कळते.

भारतातील कायदा या बाबतीत अगदीच मूक नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 अन्वये स्त्रियांच्या मासिक पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि आरोग्यपूरक पदार्थ म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचे छापणे बंधनकारक आहे. ‘संतुलन’, ‘स्त्रीस्वास्थ्य’, ‘आतून सौंदर्य’ अशी मोघम शब्दरचना वापरली की आजाराचे नाव न घेता आजाराच्या उपचाराचा आभास निर्माण करता येतो, ही पळवाट मात्र खुली राहते. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला आश्वासन आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत त्या आश्वासनाचा इन्कार, अशा अवस्थेत उत्पादन विकले जात असेल, तर त्याचे उत्तरदायित्व कोणीही घेतलेले नाही असाच त्याचा अर्थ होतो.

जेथे गरज आहे तेथे

एका बाजूला नको त्या स्त्रीला नको ती गोळी विकली जात असताना दुसऱ्या बाजूला ज्यांना संप्रेरकांच्या उपचाराची निकड आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही, ही या विषयातील सर्वात वेदनादायक विसंगती आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीच्या पाहणीत 82,309 स्त्रियांपैकी 13,861 स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले आणि त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते. फडावर शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात, अंगावरून जाणे आणि ओटीपोटातील दुखणे यांवर नीट उपचार नाहीत, आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मात्र सहज मिळतो, अशा परिस्थितीत हे घडले. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले गेले तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटते. बीजांडकोश राखले तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते. अशा स्त्रीला तिशी-पस्तिशीतच अंगातल्या उसळ्या, सांधेदुखी आणि ठिसूळ होत जाणारी हाडे यांना तोंड देत उसाच्या मोळ्या वाहाव्या लागतात. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तिला इस्ट्रोजेन द्यावे, अन्य काही अडचण नसल्यास, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यासाठी लागणारे औषध महागडे नाही. ते लिहून देणारे आणि पुढे दर काही महिन्यांनी तिला तपासणारे कोणी तिच्या वाटेवर नसते, ही खरी उणीव आहे.

भारतातील स्त्रियांची नैसर्गिक रजोनिवृत्ती सरासरी 46 ते 47 व्या वर्षी होते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांपेक्षा सुमारे चार-पाच वर्षे आधी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. चाळिशीतील स्त्रीला थकवा आला, धाप लागली, केस गळू लागले, तर त्याचे कारण पुष्कळदा अति रक्तस्रावामुळे घटलेले हिमोग्लोबिन असते, आणि ते ‘संप्रेरकांच्या’ बाटलीने भरून निघत नाही. त्यासाठी लोह आणि रक्तस्रावाच्या कारणाचा शोध या दोन्ही गोष्टी लागतात. पाळी थांबल्यानंतर पुन्हा अंगावरून गेले तर त्याला ‘उष्णता’ म्हणून शतावरी देत राहणे जिवावर बेतू शकते, कारण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते आणि वेळेवर तपासणी झाली तर तो आजार बहुधा बरा होतो.

उसळ्यांचे कारण आता बऱ्याच अंशी उलगडले आहे: इस्ट्रोजेन उतरले की अधश्चेतकातील काही चेतापेशी अतिसक्रिय होऊन शेजारच्या तापमान-नियंत्रक केंद्राला उत्तेजित करतात. संप्रेरकांच्या उपचाराने उसळ्यांची संख्या निष्क्रिय गोळीच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांशाने घटते. त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्रॅडिऑलमुळे गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो, आणि गर्भाशय असलेल्या स्त्रीला जोडीने प्रोजेस्टेरॉन देणे अनिवार्य असते. स्तनाचा कर्करोग, गुठळ्यांचा पूर्वेतिहास, यकृताचा आजार किंवा कारण न सापडलेला रक्तस्राव असेल तर हा उपचार सहसा टाळला जातो; उसळ्यांसाठी त्या चेतापेशींवरच काम करणारे संप्रेरकविरहित औषध 2023 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि त्यासाठीही यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. योनीच्या कोरडेपणावर अल्प मात्रेतील इस्ट्रोजेनचे मलम पुरते, पण ही तक्रार डॉक्टरांपुढे बोलून दाखवण्याची मोकळीक आपल्याकडे फार थोड्या स्त्रियांना मिळते.

पीसीओडीच्या बाबतीतही हाच विवेक हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील 10 ते 13 टक्के स्त्रियांना हा विकार असतो. वजन अधिक असल्यास ते 5 ते 10 टक्क्यांनी उतरले तरी पुष्कळ स्त्रियांमध्ये बीजमोचन पुन्हा सुरू होते, आणि इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारण्यासाठी मेटफॉर्मिन दिले जाते. मेटफॉर्मिनचा पूर्वेतिहास गॅलेगा या युरोपीय वनस्पतीपर्यंत जातो. त्या वनस्पतीतील ग्वानिडिन वर्गाची द्रव्ये रक्तातील साखर उतरवत, पण विषारी होती. रसायनशास्त्रज्ञांनी रेणू बदलून सुरक्षित केला आणि 1957 मध्ये झाँ स्टर्न यांनी फ्रान्समध्ये मधुमेहावर त्याचा वापर सुरू केला. वनस्पतीचा आदर कसा करावा याचे हे उदाहरण आहे: तिच्यातील गुण ओळखणे, तिच्यातील विष ओळखणे, मात्रा ठरवणे आणि परिणाम नोंदवत राहणे.

अशा स्थितीत प्रत्येक घटकाचे कर्तव्य स्पष्ट आहे. स्त्रीने कोणतेही ‘संतुलक’ उत्पादन घेण्यापूर्वी आपल्या आजाराचे नाव काय, या बाटलीत नेमके कोणते द्रव्य किती मात्रेत आहे, आणि अपाय झाला तर उत्तर कोण देणार, हे प्रश्न विचारावेत. आणि घेत असलेले प्रत्येक चूर्ण व प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी. डॉक्टरांनी ‘वयानुसार व्हायचेच’ असे म्हणून तिला परत पाठवू नये, कारण ज्या तक्रारीची दवाखान्यात दखल घेतली जात नाही ती घेऊन स्त्री जाहिरातीकडे जाते. आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी शतावरी, अशोक, लोध्र यांसारख्या द्रव्यांच्या मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांचा आग्रह धरावा, कारण परंपरेतील खरे गुण सिद्ध झाल्यास त्याचा पहिला लाभ त्यांच्याच शास्त्राला होणार आहे. आणि शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रसूतीच्या जोडीने चाळिशीनंतरच्या स्त्रीच्या तपासणीला, तिच्या हिमोग्लोबिनला, तिच्या हाडांना आणि तिच्या रजोनिवृत्तीला हक्काची जागा द्यावी. स्त्रीचे शरीर निसर्गाचेच आहे. त्याची काळजी घेताना निसर्गाचे नाव पुरावा म्हणून पुढे केले जाऊ नये, आणि पुराव्यावर उभा असलेला उपचार गरीब स्त्रीच्या आवाक्याबाहेर राहू नये, या दोन्ही मागण्या एकाच वेळी आणि सारख्याच आग्रहाने मांडल्या गेल्या पाहिजेत.